अल्बाट्रॉस कोणी मारला?

मराठीच्या विद्यार्थ्याला बेसबॉलमधला एक तरी खेळाडू ठाऊक असतो आणि तो उताराला लागलेला असतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने'मुळे हेमिंग्वेचा सांतियागो आपल्या घरचा झाला, आणि त्याच्याबरोबर टाचेतल्या वाढलेल्या हाडाने बेजार झालेला जो डिमॅजिओही. वर्गात या डिमॅजिओविषयी बोलताना आपण जिद्द, वेदना, पराभव असे मोठमोठे शब्द वापरतो. पैशाविषयी बोलत नाही. वस्तुतः १९४९ साली न्यूयॉर्क यँकीज या संघाने त्याला वर्षाचे एक लाख डॉलर दिले. त्या काळी हा आकडा अचाट होता. त्याच वर्षी टाचेच्या दुखण्यामुळे पहिले ६५ सामने तो खेळूच शकला नाही. म्हणजे मालकांचे पैसे पाण्यात गेले काय? जूनअखेरीस तो बॉस्टनला मैदानात उतरला आणि तीन सामन्यांत त्याने चार होम रन ठोकले. पुढे १९५१ च्या डिसेंबरात, वयाच्या ३७ व्या वर्षी, तितकेच पैसे पुन्हा समोर असताना तो स्वतःहून बाजूला झाला. हेमिंग्वेची कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली तेव्हा सांतियागोचा हा नायक मैदानावर नव्हताच.

हे उदाहरण प्रथम दिले ते सहानुभूती जमवण्यासाठी नव्हे. उतरत्या वयाच्या नामवंत खेळाडूवर पैसे खर्च करणे परवडते काय, हा प्रश्न अमेरिकेत दर हिवाळ्यात, म्हणजे करार ठरण्याच्या दिवसांत, नव्याने पेटतो. त्यात दोन पक्ष असतात. एक हिशेबनिसांचा, दुसरा भाविकांचा. दोघांच्याही भाषेत घोळ आहे. पण हिशेबनिसांचा घोळ अधिक घातक, कारण तो शास्त्राच्या वेषात येतो. आकडेशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. रूपके मात्र आमच्या प्रांतात येतात, आणि या वादातले सर्वांत लाडके रूपक थेट साहित्याच्या अभ्यासक्रमातून उचललेले आहे. त्याकडे येऊच.

आधी हिशेबनिसांची बाजू पुरतेपणी मांडली पाहिजे, कारण ती कच्ची नाही. बिल जेम्स या अभ्यासकाने १९८० च्या दशकात दाखवून दिले की बेसबॉलपटूचा बहर आपण समजतो त्यापेक्षा लवकर, साधारणतः २७ व्या वर्षाच्या आसपास येतो, आणि तिशीनंतर उतरण लागते. तत्पूर्वी तिशी-बत्तिशी हा ऐन भराचा काळ मानला जाई. जेम्सच्या मागून आलेल्यांनी ही उतरण वक्ररेषेत काढली, आणि आज प्रत्येक संघाच्या कचेरीत ती रेषा भिंतीवर नसली तरी संगणकात असते. या रेषेला दुजोरा देणारी उदाहरणे ढिगाने सापडतात. फिलाडेल्फियाच्या रायन हॉवर्डला एप्रिल २०१० मध्ये, आधीचा करार संपायला दोन मोसम बाकी असताना, पाच वर्षांसाठी १२ कोटी ५० लाख डॉलर कबूल झाले. नवा करार २०१२ पासून लागू व्हायचा होता. ऑक्टोबर २०११ मध्ये संघाच्या त्या मोसमातल्या अगदी शेवटच्या चेंडूवर धावताना त्याच्या टाचेची शीर तुटली, आणि नव्या कराराचा पहिला दिवस त्याने जायबंदी अवस्थेत पाहिला. डेट्रॉइटच्या मिगेल काब्रेरालाही २०१४ च्या मार्चमध्ये, हातातल्या कराराची दोन वर्षे उरलेली असताना, आणखी आठ वर्षांचे २४ कोटी ८० लाख डॉलर देण्यात आले. त्यातले पहिले वर्ष, २०१६, झकास गेले. पुढच्याच वर्षी त्याची सरासरी .३१६ वरून .२४९ वर आली, आणि करार तर २०२३ पर्यंत चालायचा होता.

या सगळ्यांचा शिरोमणी म्हणजे आल्बर्ट पुहोल्स. सेंट लुइस कार्डिनल्सकडून ११ मोसम खेळून त्याने ४४५ होम रन मारले, .३२८ ची सरासरी राखली, तीनदा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला आणि संघाला २००६ व २०११ अशी दोन विजेतेपदे मिळवून दिली. डिसेंबर २०११ मध्ये, बत्तिशीच्या उंबरठ्यावर, लॉस एंजेलिस एंजल्सने त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर देऊन घेतले. एंजल्सकडे त्याची सरासरी .२५६ एवढीच राहिली. त्याच्या तिथल्या सगळ्या काळात संघ एकदाच, २०१४ साली, बाद फेरीत पोचला आणि तिथे तिन्ही सामने हरला. मे २०२१ मध्ये, कराराच्या अखेरच्या वर्षी, ज्या वर्षाचे तीन कोटी डॉलर त्याला द्यायचेच होते, त्याला संघातून मोकळे करण्यात आले.

अशा कराराला अमेरिकी क्रीडापत्रकार अल्बाट्रॉस म्हणतात. संघाच्या गळ्यात अडकलेला, सडत चाललेला, काढता न येणारा पक्षी. कोलरिजची १७९८ ची ती दर्यावर्दी म्हाताऱ्याची कविता न वाचलेला माणूसही हा शब्द बिनदिक्कत वापरतो. वापरणाऱ्यांनी ती वाचली असती तर बरे झाले असते. कवितेत पक्षी निरपराध आहे. तो येतो तेव्हा बर्फ दुभंगते, वारा सुटतो, अडकलेले जहाज चालू लागते. मग खलाशी काही एक कारण नसताना त्याला बाणाने मारतो, आणि म्हणून तो त्याच्या गळ्यात येतो. गळ्यातला पक्षी ही मारणाऱ्याच्या अपराधाची खूण आहे, पक्ष्याच्या निरुपयोगाची नव्हे. क्रीडापत्रांत मात्र हे रूपक नेमके उलटे होते: मेलेल्या पक्ष्यालाच दोष, आणि बाण कोणी सोडला याची चौकशी नाही. ती चौकशी करावी म्हणून हा लेख.

बेसबॉलमध्ये दीर्घकाळ अशी रीत होती की खेळाडू एकदा ज्या संघाच्या नावावर चढला त्या संघाचा तो कायमचा. संघ हवे तेव्हा त्याला विकील, तो स्वतः कुठे जाऊ शकणार नाही. कर्ट फ्लडने १९६९ साली फिलाडेल्फियाला झालेली स्वतःची रवानगी नाकारली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७२ साली हरला. त्या लढ्याने त्याची कारकीर्द संपवली. मात्र १९७५ च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि ही वेठ मोडली. मोडली म्हणजे काय, तर पुढच्या वर्षी मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात तडजोड झाली: सहा वर्षे सेवा झाल्यावर खेळाडू मोकळा. संघटनेचे नेते मार्विन मिलर यांना सगळेच खेळाडू दरसाल मोकळे झालेले नकोच होते. बाजारात माल फार आला तर भाव पडेल, हे ते जाणून होते. डाव हुशारीचा होता. पण त्याची किंमत कोणी मोजली हे पाहिले पाहिजे.

बहुतेक खेळाडू बावीस ते चोवीस या वयात मुख्य संघात येतात. सहा वर्षे मिळवा. मोकळे होता होता एकोणतीस-तीस उलटते. आता जेम्सची वक्ररेषा पुन्हा समोर घ्या. ज्या वर्षांत माणूस सर्वोत्तम खेळतो त्या वर्षांत त्याला भाव विचारण्याचा अधिकारच नाही, आणि अधिकार मिळतो तेव्हा रेषा खाली वळलेली असते. पहिली सुमारे तीन वर्षे तर संघ देईल ते, म्हणजे बहुधा किमान वेतन. पुढची तीन लवादाच्या छायेत. पुहोल्सने २००१ च्या पहिल्याच मोसमात ३७ होम रन मारले, .३२९ ची सरासरी काढली. त्या वर्षाचे त्याला दोन लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी त्याच्याहून कितीतरी सामान्य खेळ करणारे, पण सहा वर्षे पुरी केलेले लोक कोट्यवधी नेत होते.

म्हणून आमचे म्हणणे असे की २०११ चे ते २४ कोटी हे पुढच्या दहा वर्षांच्या खेळाचे दाम नव्हतेच. मागच्या थकबाकीचा तो उशिरा आलेला हप्ता होता, आणि तोही भलत्याच गिऱ्हाइकाने भरलेला. वाऱ्याचा लाभ सेंट लुइसच्या जहाजाला झाला, पक्षी लॉस एंजेलिसच्या गळ्यात पडला. एंजल्सची फसगत झाली असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. मालक आर्टे मोरेनो यांनी हा संघ २००३ साली १८ कोटी ३५ लाख डॉलरना घेतला होता. पुहोल्सच्या कराराच्या सुमारासच संघाने दूरचित्रवाणीशी २० वर्षांचा, तीन अब्ज डॉलरचा करार केल्याचे वृत्त होते. २०२२ साली त्यांनी संघ विकायला काढला (जानेवारी २०२३ मध्ये विचार बदलला) तेव्हा त्याची किंमत दोन अब्जांच्या वर सांगितली जात होती. हा आकडा हिशेबनिसांच्या कोष्टकात कुठे भरतात ते आम्हाला सापडलेले नाही.

कोष्टकाविषयीही बोलले पाहिजे. खेळाडूचे मोल काढण्यासाठी 'वॉर' नावाचा एक आकडा वापरतात. अमुक खेळाडूमुळे संघाला किती विजय जास्त मिळाले, हे तो सांगतो. कोणापेक्षा जास्त? तर किमान वेतनात केव्हाही सहज मिळू शकेल अशा कोणा बदली खेळाडूपेक्षा. त्या अनामिक माणसाला शून्य धरून सगळी मोजदाद होते. मोजमापासाठी कुठेतरी शून्य लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण या शून्यावर उभे राहून जेव्हा 'दर विजयामागे इतके डॉलर' असा भाव काढला जातो, आणि चौतिशीचा खेळाडू महाग, चोविशीचा स्वस्त असा निष्कर्ष निघतो, तेव्हा चोविशीचा खेळाडू स्वस्त का आहे हा प्रश्न गडप होतो. तो जणू निसर्गतः स्वस्त आहे! नियमाने पाडलेला भाव निसर्गनियम म्हणून मांडायचा, आणि त्याच्या तुलनेत म्हाताऱ्याला उधळपट्टी ठरवायचे, ही चलाखी आमच्या व्यवसायातल्यांना नवी नाही. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण अध्यापकाचा तासाचा दर दाखवून ज्येष्ठांच्या पगारावर डोळे वटारणारे आपण पाहतोच. तरुणाचा दर वाढवा असे त्यांतले कोणी म्हणत नाही.

भाविकांच्या पक्षाला फार जागा देण्याचे कारण नाही. अनुभवी माणूस पोरांना सांभाळून घेतो, त्याच्या नुसत्या असण्याने संघात तेज येते, वगैरे. असेलही. परंतु तेज मोजता येत नाही आणि भाविकांना ते मोजायचेही नसते. त्यांना निरोपाचा सोहळा हवा असतो. बर्नार्ड मॅलमडच्या १९५२ च्या 'द नॅचरल' या कादंबरीत उशिरा मैदानात आलेला नायक अखेरच्या निर्णायक क्षणी बाद होतो; १९८४ च्या चित्रपटात तोच नायक दिवे फोडणारा होम रन मारतो. भाविक चित्रपट पाहून आलेले असतात. शिवाय ज्येष्ठाला पैसे द्यायचे ते मार्गदर्शनासाठी, असे म्हणणे हा त्याच्या खेळाचा अपमान आहे. त्याला शिक्षक म्हणून घ्यायचे असेल तर शिक्षक म्हणून घ्यावे.

मग परवडते की नाही? आमचे उत्तर: परवडते, त्या वर्षाच्या खेळाचे त्या वर्षी दाम दिले तर. एकेका मोसमाचा, फार तर दोन-तीन मोसमांचा करार. याचा सर्वांत ठसठशीत दाखला १९४८ सालचा आहे. क्लीव्हलंडचे मालक बिल वीक यांनी ७ जुलै १९४८ रोजी सॅचल पेजला करारबद्ध केले. तो त्याचा ४२ वा वाढदिवस होता, निदान अधिकृत नोंदीप्रमाणे. स्वतःच्या वयाविषयी लोकांना संभ्रमात ठेवणे हा पेजचा आवडता खेळ होता. क्रीडाक्षेत्रातले वजनदार साप्ताहिक 'स्पोर्टिंग न्यूज' खवळले. एवढ्या वयाच्या माणसाला नवशिका म्हणून घेणे म्हणजे मोठ्या लीगचा दर्जा घालवणे, गर्दी जमवण्याची ही क्लृप्ती आहे, असा संपादकांचा सूर होता. गर्दी जमली हे खरेच. २० ऑगस्टला क्लीव्हलंडमध्ये त्याला पाहायला ७८ हजारांहून अधिक लोक आले. पण त्या अर्ध्या मोसमात पेजने सहा सामने जिंकून दिले, एक हरला. मोसमाच्या अखेरीस क्लीव्हलंड आणि बॉस्टन बरोबरीत राहिले, एका जादा सामन्यावर निकाल लागला, आणि क्लीव्हलंड पुढे जाऊन जगज्जेते झाले. बरोबरीवर संपलेल्या मोसमात त्या सहा विजयांपैकी एक जरी उणा असता तर तो जादा सामना झालाच नसता. वीक यांना हा सौदा परवडला काय, हे कोणीही सांगावे.

पेजच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते ती या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. तो ४२ व्या वर्षी नवशिका का होता? काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगचे दार १९४७ साली जॅकी रॉबिन्सनसाठी उघडेपर्यंत बंद होते म्हणून. पेजची ऐन उमेदीची वीस वर्षे निग्रो लीगमध्ये आणि गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत गेली. ज्या व्यवस्थेने त्याला तरुणपणी आत घेतले नाही तिनेच पुढे त्याच्या म्हातारपणावर बोट ठेवले. सहा वर्षांच्या नियमाची वर्णभेदाशी बरोबरी आम्ही करत नाही. ते अश्लाघ्य होईल. पण युक्तिवादाचा साचा तोच आहे: आधी उशीर करायचा, मग उशीर झाला म्हणून नाकारायचे.

वयाचे कारण पुढे करून मालकांनी प्रत्यक्षात काय केले याचाही इतिहास आहे. १९८५ ते ८७ या हिवाळ्यांत त्यांनी आपसांत संगनमत करून मोकळ्या खेळाडूंना बोलीच लावल्या नाहीत. आंद्रे डॉसन तेव्हा ३२ वर्षांचा, मॉन्ट्रियलच्या कृत्रिम गवतावर गुडघे झिजलेला. १९८७ च्या वसंतात त्याने शिकागो कब्जपुढे सही केलेला कोरा करार ठेवला: आकडा तुम्हीच भरा. त्यांनी पाच लाख भरले, वर काही उत्तेजने. त्या वर्षी त्याने ४९ होम रन मारले आणि तळाला राहिलेल्या संघातून सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला. संगनमत पुढे लवादापुढे सिद्ध झाले आणि मालकांना २८ कोटी डॉलर मोजावे लागले. अलीकडच्या हिवाळ्यांत संगनमताची गरज उरलेली नाही. सगळ्यांच्या संगणकात एकच वक्ररेषा असली की न बोलताच एकमत होते. २०१७ साली कॅन्सस सिटीच्या माइक मूस्टाकसने ३८ होम रन मारून संघाचा विक्रम केला. मोकळा झाल्यावर त्याने एका वर्षाचे १ कोटी ७४ लाख नाकारले, आणि २०१८ च्या मार्चपर्यंत ताटकळून त्याच संघाकडे सुमारे ६५ लाखांवर परतला. वय किती? एकोणतीस. म्हातारपण इतके अलीकडे सरकले आहे.

दीर्घ करारांचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ते देणारे मालक अज्ञानी नव्हते. त्यांनी वार्षिक बोजा कमी दिसावा म्हणून वर्षे ताणली, पहिल्या चार वर्षांची हाव धरली आणि शेवटच्या सहांकडे काणाडोळा केला. न्यूयॉर्क मेट्सची गोष्ट सांगून लोक हसतात: बॉबी बोनिया दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर घेतो, २०११ पासून २०३५ पर्यंत, तोवर तो ७२ वर्षांचा झालेला असेल. हसावे जरूर. पण २००० साली त्याला देय असलेले ५९ लाख तेव्हाच चुकते न करता ते पैसे अन्यत्र गुंतवून अधिक मिळवू, हा हिशेब मालकांचा होता.

उलट बाजूला नेल्सन क्रूझ पाहा. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात २०१३ साली ५० सामन्यांची बंदी भोगलेला, पुढच्या मोसमात ३४ व्या वर्षात लागणारा. बाल्टिमोरने २०१४ साठी एका वर्षाचे ८० लाख दिले. त्याने ४० होम रन मारले, त्या वर्षी सर्वांत जास्त. मग सिअ‍ॅटलने चार वर्षांचे ५ कोटी ७० लाख दिले. ४४, ४३, ३९, ३७. आणि तोच पुहोल्स, ज्याला गळ्यातला पक्षी म्हटले गेले, २०२२ साली ४२ व्या वर्षी २५ लाख डॉलरवर सेंट लुइसला परतला. त्याने २४ होम रन मारले आणि २३ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये ७०० चा टप्पा ओलांडला. आधी फक्त बाँड्स, आरन आणि रूथ तिथवर पोचले होते. हे २५ लाख कोणत्याही कोष्टकात बसतात. अर्थात, जो २००१ साली दोन लाखांत खेळला त्याला २०२२ साली २५ लाखांत मिळवणे, यात सेंट लुइसने दोन्ही टोकांना कमाई केली हेही लक्षात ठेवावे.

कोट्यधीशांच्या पगाराची काळजी साहित्याच्या अध्यापकांनी का वाहावी, असे कोणी विचारील. खेळाडूला न दिलेला डॉलर तिकीट काढणाऱ्याला परत मिळत नाही. तो मालकाकडे राहतो. प्रश्न इतकाच आहे की खेळ ज्याच्या देहातून निघतो त्याला त्याचे दाम कोणत्या वयात मिळावे. २ डिसेंबर २०२१ पासून ९९ दिवस मालकांनी खेळच बंद ठेवला तेव्हा वाद बहुतांशी यावरच होता. शेवटी किमान वेतन ५ लाख ७० हजार ५०० वरून सात लाखांवर गेले, तरुण गुणवंतांसाठी दरसाल पाच कोटींचा निधी निघाला. सहा वर्षांची अट तशीच राहिली. ती तीनवर आणा, पंचविशीच्या खेळाडूला पंचविशीचा भाव मागू द्या. मग अडतिशीच्या माणसाला दहा वर्षांचा करार कोणी देणार नाही आणि त्यालाही तो मागावा लागणार नाही. २०२२ च्या त्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ ची आहे. वक्ररेषा घेऊन वाटाघाटीला बसणाऱ्यांनी ती एकदा डावीकडून, विशीच्या टोकापासून वाचायला घ्यावी.